आत्याचा गाळ आणि काळ्या पोटाचा सुरय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या आत्याचे. तिचं नाव इथे लिहायची माझी फार इच्छा होती आणि तसं मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "नाव छापलंस तर तंगडं मोडीन." म्हणून ती इथे नुसती आत्या आहे. बाकीच्यांनाही मग मी नावं देत नाही, नाहीतर तिला वाटेल आपल्याला एकटीलाच वगळलं.

आमचं घर वेल्ह्याच्या बाजूला, डोंगरात. गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला वडिलांनी मला भोर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याकाठी दिलेल्या आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. "दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ दे," असं ते म्हणाले होते. मी बीएस्सी होईपर्यंत राहिलो. भोरची शाळा, भोरचंच कॉलेज, सकाळची एसटी आणि डब्यात पावट्याची उसळ. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. झगा घातलेला माझा फोटो आत्याच्या घरी देवांच्या ओळीत शेवटचा लावलेला आहे. आत्याचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामा, रोज उदबत्ती ओवाळत माझ्यापर्यंत येतात आणि "ह्येला नगं, ह्यो अजून जिता हाय" म्हणून हात मागे घेतात.

मला शिकवलं ते गाळाने. हे जरा समजावून सांगतो. पावसाळ्यात धरण भरतं तेव्हा काठाच्या जमिनी पाण्याखाली जातात. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटलं की फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेलं पाणी, उतरायला लागतो आणि खालून काळाभोर, लोण्यासारखा गाळ वर येतो. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या ते अर्ज करून ह्या गाळात पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. नांगर नाही, खत नाही. हरभरा, पावटा, वाटाणा, पुढे काकडी, कलिंगड. आषाढात धरण पुन्हा सगळं गिळून टाकतं, आणि पुढच्या वर्षी नवा गाळ घालून परत देतं.

आत्याचा तुकडा सगळ्यात चांगला होता. फुगवट्यात आत शिरलेली एक चिंचोळी पट्टी, हत्तीने सोंड पाण्यात बुडवावी तशी. गावात तिला सोंडच म्हणतात. आत्या ती पाण्यामागून पेरत जायची. पाणी उतरलं म्हणून लगेच बी टाकायचं नाही. अनवाणी जायचं आणि टाच रोवायची. टाच बुडाली तर गाळ कच्चा आहे, मागे फिरायचं. वरची साय पापडासारखी मोडली आणि टाच वरच राहिली, तर पेरायचं. दर चार दिवसांनी पाणी आणखी खाली, आत्या आणखी पुढे. पण पाण्याच्या कडेचा कच्चा गाळ कायम तिच्या पुढेच राहायचा. माझी वह्या-पुस्तकं, कॉलेजची फी आणि पहिला मोबाईल ह्या सोंडेतून उगवले.

बीएस्सी झाल्यावर पुण्याच्या एका पक्षी वाचवणाऱ्या संस्थेत मला नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "चिखलात काम करायची तयारी आहे का?" एवढ्या सोप्या प्रश्नावर नोकरी मिळते हे मला आधी माहीत असतं, तर मी सेंद्रिय रसायनशास्त्राला इतका घाबरलो नसतो. दोन हिवाळे त्यांनी मला वरंध घाटाखाली कोकणात पाठवलं. थंडीत समुद्रकाठच्या चिखलावर उत्तरेकडून पक्षी येतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की खातात आणि भरतीला उरलेल्या कोरड्या जागेवर अंग चोरून बसतात. त्या बसायच्या जागा गेल्या तर पक्षी जातात. मी दुर्बिणीतून मोजायचो, वहीत लिहायचो आणि संध्याकाळी पायात रुतलेले शिंपले काढायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब भले गृहस्थ. पक्ष्यांविषयी बोलताना त्यांचे डोळे भरून येतात आणि माणसांविषयी बोलताना घड्याळाकडे जातात. कुणीतरी आमच्या फुगवट्यावर काळ्या पोटाच्या सुरयाचा फोटो काढला होता. हा सुरय म्हणजे लांब, टोकदार पंखांचा, पाण्यावर सूर मारून मासे पकडणारा पक्षी. आपल्या नद्यांतून तो जवळजवळ संपलाय.

"तू तिकडचाच ना?" साहेबांनी विचारलं. "धरणाचा काठ हाही किनाराच. तिथला हिवाळा आपण सांभाळायचा."

मला ते पटलं. समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी येते, आमच्या धरणाला वर्षातून एकदाच येते, एवढाच काय तो फरक.

मी गेलो आणि दुर्बीण लावली. चार सुरय होते. बसले होते आत्याच्या सोंडेच्या टोकावर, कच्च्या गाळात. त्यांच्यामागे तीस-चाळीस पावलांवर आत्या वाकून पावट्याचं बी टोचत होती. दुर्बिणीत ते पक्षी आणि आत्या एकाच वेळी दिसत होते, आणि मी मूर्खाने फक्त पक्षी पाहिले.

मी धावत जाऊन आत्याला दुर्बीण दिली.

"ह्ये व्हय?" ती म्हणाली. "ह्ये तर दर साली येत्यात. म्या पेरते, ती बसत्यात."

"आत्या, हा फार दुर्मिळ पक्षी आहे. काळ्या पोटाचा सुरय."

तिने पुन्हा दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. "पोट पांढरं हाय."

"हिवाळ्यात पांढरं असतं. उन्हाळ्यात काळं होतं."

"आन् उन्हाळ्यात हितं असतो का?"

"बहुतेक नाही."

"मग त्याचं काळं पोट बगितलं कुनी?" असं म्हणून तिने दुर्बीण परत दिली आणि पुढचं भोक पाडून त्यात बी टाकलं.

तिथून पुढचं मी फार मनापासून केलं. मनापासून केलेल्या चुका दुरुस्त करायला जास्त वेळ लागतो, हा माझा अनुभव आहे. माझं शिक्षण असं सांगत होतं की पक्ष्याची जागा राखायची तर तिथून माणूस बाजूला काढायचा. मी ग्रामसभेत विषय घ्यायला लावला. मी आधी आत्याशी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, ती काय, घरचीच आहे. घरच्या माणसाला विचारायचं नसतं, सांगायचं असतं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते मला न शिकवताच येत होतं.

सभा मारुतीच्या देवळात होती. मी भिंतीवर पांढरं धोतर लावून प्रोजेक्टरने चित्रं दाखवली. समुद्र, चिखल, सायबेरिया. सायबेरिया सगळ्यांना आवडला. मागून एकाने विचारलं, "एवढ्या लांबनं येत्यात, त्यास्नी आधार कार्ड लागतं का?" मीसुद्धा हसलो. मग मी म्हणालो की सोंड मार्च संपेपर्यंत पेरू नये, असा ठराव व्हावा.

सगळ्यांनी एकदम आत्याकडे पाहिलं. मीही तेव्हाच पाहिलं. ती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझा दहावीचा निकाल ऐकतानाही ती अशीच बसली होती, पण तेव्हा तिने पदराने नाक पुसलं होतं.

सरपंच म्हणाले, "आत्याबाई, जमीन तुमची, भाचा तुमचा. आमी मधी बोलून काय करू?"

"पोरगं शिकल्यालं हाय," आत्या म्हणाली. "शिकून बोलतंय तर ऐकावं. कुठं सही करायची?"

ठराव मीच लिहिला होता, माझ्या चांगल्या अक्षरात. तिने सही केली. तिला सही करायला वेळ लागतो. प्रत्येक अक्षर ती वेगळं काढते आणि मग वरून एकच रेघ ओढते. मी शेजारी उभा राहून पेनचं टोपण धरलं होतं.

घरी जाताना मामा मला म्हणाले, "चांगलं बोललास. मला तर दोनदा डुलकी लागली." जेवताना आत्याने मला दोन भाकरी जास्त वाढल्या. ती रागावली की वाढते.

साहेब खूश झाले. एका गावाने, साक्षात कसणाऱ्या बाईने, आपणहून जमीन सोडली, ह्यावर त्यांनी पुण्यात भाषण केलं. संस्थेने गावाला टोप्या दिल्या आणि आत्याला शाल, श्रीफळ आणि लाकडी सुरय दिला. त्याचं पोट काळं होतं. आत्याने तो धान्याच्या कणगीवर ठेवला, उंदीर घाबरतील म्हणून. उंदीर त्याची चोच खाऊन गेले.

शिवाय सोंडेच्या तोंडाशी एक मोठा फ्लेक्स लावायचा ठरलं. मी नसरापूरला जाऊन करून आणला. 'दुर्मिळ पक्ष्यांसाठी राखीव किनारा. येथे शेती करण्यास मनाई आहे.' फ्लेक्सवाल्याला मी सुरयाचा फोटो पाठवला होता, पण तो त्याला फिका वाटला, म्हणून त्याने मनाने गुलाबी रोहित पक्षी टाकले आणि मागे नारळाची झाडं. परत करायला वेळ नव्हता. "लोकांचं लक्ष जायला पायजे ना," तो म्हणाला. ह्या बाबतीत तो बोलला ते खरं निघालं.

लोकांचं लक्ष गेलं. पहिल्यांदा म्हशींचं गेलं. आधी टोचलेला पावटा राखणीवाचून गेला, आणि सोंडेवर पीक नाही म्हटल्यावर तिथे ढोरं सोडायला कुणाची हरकत नव्हती. आत्याचा पावटा असताना एकाही म्हशीची तिकडे बघायची हिंमत नव्हती, कारण आत्याचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जातो. म्हशी टोकापर्यंत जाऊन गाळात लोळायला लागल्या. त्यांच्यामागे कुत्री आली. मग पुण्याकडच्या गाड्या आल्या. कापूरहोळला वळून शनिवारी-रविवारी पाण्याकाठी येणारे लोक आधी आमच्या गावाला न थांबता पुढे जायचे, कारण इथे पाण्यापर्यंत जायचं तर कुणाच्या तरी हरभऱ्यातून जावं लागायचं. आता मोकळी जागा, समोर पाणी, वर फ्लेक्स. त्यांनी तंबू ठोकले.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी मोजणीला गेलो, तेव्हा सोंडेवर लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरीचा झगा एवढा लांब, की तो धरायला तिच्या दोन बहिणी चिखलात गुडघ्यावर होत्या. नवरदेव बूट हातात घेऊन उभा. फोटोग्राफर ओरडत होता, "पक्षी मागे उडताना पाहिजेत, एकदम उडवा." आणि त्याचा माणूस टोकाकडे ढेकळं मारत होता. सुरय उडाले. फोटो फार छान आला असणार.

मी गेलो आणि म्हणालो, "ही पक्ष्यांची राखीव जागा आहे. इथे असं करता येणार नाही."

फोटोग्राफर भला माणूस होता. त्याने मला फ्लेक्सपाशी नेलं. "दादा, वाचा ना. शेती करायला मनाई आहे. आम्ही शेती करतोय का?"

मजकूर माझाच होता.

त्यानंतर सुरय दोनदा आले, पाण्यावर फिरले, सोंडेवर उतरले नाहीत, आणि मग यायचे थांबले. मी सगळा काठ पालथा घातला. पलीकडे, खाली, धरणाच्या भिंतीकडे. नाहीत. साहेबांना फोन केला. त्यांनी मोजणीच्या तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "शेती थांबवली, तरी गेले?"

"शेती थांबवली म्हणून गेले, साहेब," मी म्हणालो. ते वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

कोकणात दोन हिवाळे मी जे वहीत उतरवत होतो ते हेच होतं. पक्ष्याला निवांत बसायला जागा लागते, म्हणजे त्याला राखणदार लागतो. आमच्या सोंडेला राखणदार होता. तो रोज सकाळी येत होता, म्हशी हाकलत होता, कुत्र्यांना ढेकळं मारत होता, परक्यांना शिव्या घालत होता. आणि टाच रोवून, जिथे गाळ कच्चा तिथून मागे फिरत होता, त्यामुळे पाण्याकडेची ओली पट्टी दर वर्षी सुरयांसाठी आपोआप सुटत होती. त्या राखणदाराला मी शाल देऊन घरी बसवलं होतं.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती अंगणात ओला वाटाणा सोलत होती. विकतचा. मी इतक्या वर्षांत त्या घरात विकतचा वाटाणा पाहिला नव्हता.

"आत्या, सोंड पेर," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "का? पक्षी मेलं का?"

"गेले. तू नाहीस म्हणून गेले." मी तिला सगळं सांगितलं. म्हशी, कुत्री, झगा, ढेकळं. झग्याच्या वेळी मामा हसले, ती हसली नाही.

"आता पावटा व्हायचा न्हाई," ती म्हणाली. "येळ गेली."

"काकडी, कलिंगड होईल. पाणी अजून उतरतंय. थोडे दिवस तरी जागा शांत राहिली, तर ते जायच्या आधी परत येतील. ह्या हिवाळ्यात नाही आले, तर पुढच्या वर्षी जागा विसरतील."

"म्या सही केलीया."

"मी सांगतोय ना."

"तू सांगतुयास घरात. सही म्या केली देवळात, समद्यांफुडं. उद्या म्या सोंडेवर उतरले तर लोक म्हनतील, म्हातारी फिरली, शाल घेतली आन् फिरली. म्या न्हाई फिरत. चूक तुजी हाय, तर तू लिवून दे."

मी वहीतला कागद फाडला. तिने हात आडवा केला.

"हितं न्हाई. घरात बसून लिवलं तर म्हनतील मायलेकरांनी संगनमत केलं. पुन्याला जा, ल्ही, पोस्टानं धाड. पोस्टमन पारावर येऊन वाचतो, समद्यांना ऐकू जाईल."

"पोस्टमन दुसऱ्याचं पत्र वाचतो?"

"मग? त्याला वाचायला ठिवलंय म्हनून तर शिकिवलंय." एवढ्यावर ती पहिल्यांदा हसली आणि मला वाटाणे सोलायला दिले.

साहेबांशी बोलायला दोन दिवस गेले. ते सुरुवातीला नाही म्हणाले, मग घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ पालथं ठेवून माझं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "ठराव बदलून घेऊ. तोवर तुझ्या जबाबदारीवर." मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. पोस्टमन मोठ्याने वाचणार हे माहीत असल्यामुळे अक्षर सुटं काढलं आणि अवघड शब्द वगळले. ते असं होतं:

प्रिय आत्या,

तुझ्या आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवतो. पत्र पारावर वाचलं जाईल, तेव्हा तिथे बसलेल्या सगळ्यांनाही नमस्कार.

मारुतीच्या देवळात जो ठराव झाला तो मी लिहिला होता. त्यात सोंड पेरू नये असं होतं. ते चुकीचं होतं. तुझी सही तू माझ्या शब्दावर केलीस, म्हणून ती मोडल्याचा दोष तुझ्याकडे येत नाही, माझ्याकडे येतो. साहेबांनी मान्य केलं आहे, पुढच्या ग्रामसभेत नवा ठराव आणतो. सरपंचांना मी वेगळं कळवलं आहे.

तर तू सोंड पेर. गाळ कुठवर पेरायचा हे मी सांगणार नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याच्या पुढची ओली कड तू आजवर सोडत आलीस तशीच सोड, एवढंच माझं मागणं. म्हशी, कुत्री, तंबूवाले आणि फोटोवाले ह्यांना हाकलायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. शिव्या मात्र साहेब सोबत असतील तेव्हा जरा हलक्या घाल, त्यांना काही अर्थ माहीत नाहीत आणि ते मला विचारतात.

ठराव करण्याआधी मी तुला विचारलं नाही. पक्ष्यांना समजून घ्यायला मी कोकणात दोन हिवाळे बसलो, आणि तुझ्याजवळ शेगडीपाशी घटकाभर बसलो नाही. ह्याची मला लाज वाटते. मला पदवी मिळाली ती तू त्या गाळात वाकलीस म्हणून, आणि त्या पदवीचा पहिला उपयोग मी तुला तिथून उठवायला केला. पारावरच्यांनी हे ऐकलं तरी चालेल.

पक्षी ह्या वर्षी परत येतील की नाही, मला माहीत नाही. दिसले तर फोन कर. मी येईपर्यंत त्यांच्या जवळ जाऊ नकोस, आणि मामांनाही जाऊ देऊ नकोस, ते त्यांना बिस्कीट टाकतील.

कलिंगडाचं बी भोरला चांगलं मिळत नाही असं तू म्हणाली होतीस. पुण्यात चौकशी केली, मिळालं. शनिवारच्या एसटीने घेऊन येतो. तू पेरायला सुरुवात केली असशील तर मला थेट सोंडेवरच गाठ.

तुझा,
भाचा